घरबसल्या जपानी आणि अँकी: कार्डं स्वतःची, तीही मराठीत

अँकी हे प्रश्न-उत्तराच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप आहे, ते जपानी शिकवत नाही. त्यात धडे नाहीत, व्याकरणाचं स्पष्टीकरण नाही, शाबासकी देणारं कार्टून नाही. तुम्ही त्यात जे भराल ते विसरायच्या बेतात आलं की पुन्हा समोर आणून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. हिरागानाची ४६ आणि काताकानाची ४६ मूळ अक्षरं (ह्या दोन्ही लिपी मिळून 'काना'), त्यावर जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या २,१३६ कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं), असा पसारा असलेल्या भाषेत एवढं एक काम चोख करणारं साधन मिळालं तरी पुष्कळ झालं. अँकी ते चोख करतं. मात्र इंग्रजी अर्थांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवून घेतला आणि सेटिंग्ज आहेत तशीच ठेवली, तर मराठी माणसाच्या पदरात त्यातलं फारच थोडं पडतं.

आधी किंमत. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर अँकी फुकट आहे. अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइडही फुकट, जाहिराती नाहीत. आयफोनवरचं अँकीमोबाईल मात्र विकत घ्यावं लागतं: अमेरिकेतल्या स्टोअरवर २४.९९ डॉलर, एकदाच. भारतातला आकडा घेताना बघून घ्या. तेवढे पैसे घालायचे नसतील तर आयफोनच्या ब्राउझरमधून अँकीवेब ह्या अँकीच्याच संकेतस्थळावर उजळणी फुकट होते, फक्त ती थोडी गैरसोयीची. 'अँकी' हे नाव लावलेली दुसरीही ॲप्स स्टोअरवर सापडतात, त्यातली काही महिन्याकाठी पैसे घेतात आणि त्यांचा ह्या अँकीशी संबंध नाही. म्हणून थेट अँकीच्या संकेतस्थळावरूनच लिंक घ्यावी.

हे ॲप डेमियन एल्म्सने २००६ साली स्वतःच्या जपानी अभ्यासासाठी सुरू केलं. मूळ जपानी अभ्यासातलं आहे हे त्याच्या बारीकसारीक सोयींत दिसतं. उदाहरणार्थ, चौकटी कंसात काना लिहिला की तो कांजीच्या डोक्यावर छोट्या अक्षरांत दिसेल अशी व्यवस्था टेम्प्लेटमध्ये, म्हणजे कार्डाच्या मांडणीच्या साच्यात, मुळातच आहे. दिसायला मात्र ॲप रुक्ष आहे, आणि पहिले दोन दिवस 'हे सुरू कुठून करायचं' ह्यात जातात.

बसवल्यावर आधी काय बदलायचं

डेकच्या नावापुढच्या चक्रावर टिचकी मारून 'ऑप्शन्स' उघडा. नवी कार्डं रोज २० ही मूळ नेमणूक आहे. ती ८ करा. कारण साधं आहे: आज घेतलेलं कार्ड उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग दहाएक दिवसांनी परत येतं, आणि अशा थरांवर थर चढतात. अंदाजाचा नियम असा, की रोज जितकी नवी कार्डं घ्याल त्याच्या सात ते दहापट उजळणी काही आठवड्यांनी रोज अंगावर येते. वीस नवी म्हणजे महिन्याभरात रोज दीडशे-दोनशे कार्डं. माणसं अँकी सोडतात ती बहुतेक इथेच. ८ नवी म्हणजे ६० ते ८० उजळणी, कार्डाला ९-१० सेकंद धरले तर दहा-बारा मिनिटं. ह्या वेगाने शंभर दिवसांत ८०० शब्द होतात, आणि जेएलपीटी ह्या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सगळ्यात सोप्या एन-५ पातळीला साधारण तेवढेच शब्द लागतात असं धरून शिकवलं जातं. (परीक्षेची अधिकृत शब्दयादी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे 'एन-५ चे नेमके शब्द' असं सांगून विकल्या जाणाऱ्या याद्या अंदाजाच्याच समजा.)

दुसरं, त्याच पानावर खाली एफएसआरएस नावाचा खटका आहे, तो चालू करा. २०२३ च्या अखेरीस आलेल्या २३.१० ह्या आवृत्तीपासून तो अँकीत मुळातच आहे. कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे आधीची पद्धत ठरावीक गुणाकाराने ठरवायची. एफएसआरएस तुमच्या स्वतःच्या उत्तरांचा इतिहास बघून ठरवतो. त्यात 'डिझायर्ड रिटेन्शन', म्हणजे शंभरातली किती कार्डं आठवायला हवीत ते प्रमाण, ९० टक्के असतं, ते तसंच राहू द्या. उत्साहाच्या भरात ९७ केलं तर उजळणीचा ढीग कित्येक पट वाढतो आणि पदरात पडतात ते शंभरातले सात शब्द. महिनाभर वापरल्यावर 'ऑप्टिमाइझ' दाबायचं, पुढे महिन्यातून एकदा.

तिसरी गोष्ट सेटिंगची नाही, सवयीची. उत्तर बघितल्यावर चार बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड, इझी. शब्द आठवला नाही तर अगेन, आठवला तर गुड. ह्या दोनच बटणांवर काम भागतं. आठवलेलं नसताना मनाच्या समाधानासाठी हार्ड दाबायचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एफएसआरएस हार्डचा अर्थ 'कष्टाने का होईना, पण आठवलं' असाच घेतो. त्यामुळे न आठवलेली कार्डं पुढे ढकलली जातात आणि मग 'अँकीचं गणितच चुकतंय' अशी तक्रार सुरू होते.

रात्री उशिरा अभ्यास करणाऱ्यांसाठी एक बारीक सोय: अँकीचा दिवस पहाटे ४ ला बदलतो. साडेबाराला बसलात तरी कार्डं आजचीच मोजली जातात.

तयार डेक की स्वतःचा?

पहिल्या दोन आठवड्यांत काना पक्का करायला कुठलाही तयार डेक चालतो, सोबत वही-पेन्सिल हवी. त्यानंतर बहुतेक जण 'काइशी १.५के' हा डेक घेतात. त्यात १,५०० शब्द आहेत, प्रत्येकाला वाक्य आणि आवाज आहे. डेक चांगलाच आहे. पण अर्थ इंग्रजीत. जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाने मध्ये इंग्रजी आणणं म्हणजे सरळ वाट सोडून वळसा घालणं, आणि ह्या वळशात जे हरवतं ते थोडंथोडकं नाही.

'ताबेते मिरु' घ्या. इंग्रजी डेकवर अर्थ असतो 'खाण्याचा प्रयत्न करणे' अशा धाटणीचा, शिवाय खाली तळटीप. मराठीत ते सरळ 'खाऊन बघणे' आहे, 'मिरु' म्हणजे बघणे हेही जागच्या जागी. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणे. 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे. 'ताबेते शिमात्ता' खाऊन टाकलं, 'वासुरेते शिमात्ता' विसरून बसलो. शेवटच्या जोडीत तर उरकल्याची भावना एकीकडे आणि चुकचुकल्याची दुसरीकडे, दोन्ही मराठीने आयत्या दिल्या आहेत. हा सगळा भाग एन-५ च्या पुढच्या एन-४ पातळीच्या आसपास येतो. इंग्रजीतून शिकणारा तो नियम म्हणून घोकतो, आणि मराठी माणूसही त्याच्या मागे बसून घोकतो, कारण त्याचं कार्ड इंग्रजीत आहे.

क्रियापदांच्या जोड्यांचंही तेच. 'वारेरु' आणि 'वारु' ह्या दोघांना इंग्रजीत एकच शब्द, मराठीत फुटणे आणि फोडणे. 'ओचिरु' पडणे, 'ओतोसु' पाडणे. 'किरेरु' तुटणे, 'किरु' तोडणे किंवा कापणे. अशी कार्डं मराठीत केली की जोडी एकदा बघूनच बसते. मराठी जिथे साथ देत नाही तिथे सावध राहायचं: 'आकु' आणि 'आकेरु' ह्या दोन्हींना आपण 'उघडणे'च म्हणतो. तिथे नुसता अर्थ लिहू नका, 'दार उघडलं' आणि 'मी दार उघडलं' अशी दोन वाक्यं लिहा.

म्हणून सल्ला असा: तयार डेकमधून आवाज आणि वाक्यं घ्या, अर्थाचा रकाना मराठीत स्वतः भरा. रोज ८ शब्द म्हणजे सात-आठ मिनिटांचं काम. ते संगणकावर करा, फोनच्या छोट्या पडद्यावर कंटाळा येतो. आणि हे भरणं वाया जात नाही, अर्थ शोधून लिहिताना पहिली उजळणी होऊन जाते.

कार्ड कसं असावं

पाच रकाने पुरतात: वाक्य, शब्द, वाचन, मराठी अर्थ, आवाज. पुढच्या बाजूला फक्त जपानी वाक्य, त्यात नवा शब्द ठळक. मागच्या बाजूला वाचन, मराठी अर्थ आणि आवाज. वाक्यात अनोळखी गोष्ट एकच असावी. दोन असतील तर वाक्य बदला, कारण मग कार्ड चुकलं की कशामुळे चुकलं हे कळत नाही.

पुढच्या बाजूला कांजीवर काना लिहू नये. डोळा नेहमी सोपं तेच वाचतो. महिनाभर सगळी कार्डं बरोबर येतात, आणि पुस्तकात तीच कांजी काना नसताना समोर आली की ओळखू येत नाही. वाचनाच्या रकान्यात काना लिहा, देवनागरी नको. ह्या लेखात जपानी शब्द देवनागरीत आहेत ती वाचकांची सोय आहे, कार्डावर ती सवय नडते. 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी, हा फरक देवनागरीत कसाबसा दाखवता येतो. ए आणि ओ मध्ये तर ऱ्हस्व-दीर्घ दाखवायची सोयच नाही, आणि जपानीत तिथे शब्द बदलतो.

उच्चारात मात्र मराठी माणसाला बरंच काही आयतं मिळालेलं आहे. पुष्कळांना अडवणारं 'त्सु' हे अक्षर म्हणजे जवळजवळ 'चूल'मधला चू, आणि 'चि' म्हणजे 'चिमणी'तला चि. 'जुना'तला जु आणि 'जीव'मधला जी हे दोन वेगळे ज जपानीतही वेगळेच आहेत. जोडाक्षराने अर्थ बदलतो हेही आपल्याला नवं नाही: 'साका' म्हणजे चढ, 'साक्का' म्हणजे लेखक. अवघड जातो तो सुराचा चढउतार. 'हाशि' म्हणजे चॉपस्टिक्सही आणि पूलही, फरक फक्त सुराचा. हे लिहून कळत नाही, त्यासाठी आवाजाचा रकाना रिकामा ठेवू नये. फोनमधला यांत्रिक आवाज सुट्या शब्दाला कधीकधी चुकीचा सूर देतो, म्हणून माणसाने म्हटलेला आवाज मिळत असेल तर तोच घ्या.

'नि', 'दे' अशा शब्दयोगी अव्ययांसाठी रिकाम्या जागेचं कार्ड करावं. अँकीत त्याला क्लोझ म्हणतात. इथे मराठीच आपल्याला फसवते. 'ग्रंथालयात आहे' आणि 'ग्रंथालयात वाचतो', दोन्हीकडे आपलं 'त' एकच. जपानीत असण्याच्या जागेला 'नि' आणि क्रिया घडण्याच्या जागेला 'दे' लागतो: 'तोशोकान नि इमासु', 'तोशोकान दे होन ओ योमिमासु'. अशी आठ-दहा वाक्यं पुरतात, शंभर करू नका. तसंच 'ते इरु'चं. 'ताबेते इरु' म्हणजे खात आहे, पण 'सुवात्ते इरु' म्हणजे बसलेला आहे, आणि 'केक्कोन शिते इरु' म्हणजे लग्न झालेलं आहे. 'करत आहे' असं एकच भाषांतर डोक्यात ठेवलं तर घोटाळा ठरलेला.

क्रियापदाच्या कार्डावर मूळ रूपासोबत 'मासु' (नम्र) आणि 'ते' (पुढच्या क्रियापदाला जोडणारं) ही रूपं मागच्या बाजूला लिहून ठेवा. 'किरु' म्हणजे कापणे आणि 'किरु' म्हणजे अंगात घालणे, काना लिपीत लिहिलं की दिसायला एकच. पहिल्याचं 'किरिमासु, कित्ते', दुसऱ्याचं 'किमासु, किते'. 'काएरु'चंही असंच: परतणे असेल तर 'काएरिमासु', बदलणे असेल तर 'काएमासु'.

मोजणीच्या शब्दांचे सगळे तक्ते अँकीत ओतायची गरज नाही. लांबट वस्तू मोजताना जिथे आवाज बदलतो तेवढंच घ्या: इप्पोन, सानबोन, रोप्पोन, हाप्पोन, जुप्पोन. बाकीचे आपसूक जमतात.

मराठीकडून जपानीकडे जाणारी उलटी कार्डं बोलायला उपयोगी पडतात, पण सुरुवातीपासून केली तर काम दुप्पट होतं. मूळ कार्डाचं अंतर २१ दिवसांच्या पुढे गेलं की अँकी त्याला 'मॅच्युअर' म्हणतं. तिथवर पोचलेल्या शब्दांचीच उलटी कार्डं करा, आणि 'बरी सिब्लिंग्ज' चालू ठेवा, म्हणजे एकाच शब्दाची दोन कार्डं एकाच दिवशी येऊन उत्तर फुटत नाही.

कुठे अडतं

कांजी विचित्र दिसणं ही भारतातल्या फोनवर हमखास येणारी अडचण. काही कांजींची चिनी आणि जपानी वळणं वेगळी आहेत, पण संगणकात त्यांचा क्रमांक एकच आहे. फोनला भाषा जपानी असल्याचं कळलं नाही तर तो चिनी वळण दाखवतो. तुम्ही तेच वळण लिहायला शिकता आणि शिक्षक चूक काढतात. उपाय दोन: फोनच्या भाषांच्या यादीत मराठी-इंग्रजीखाली जपानी जोडायची, किंवा टेम्प्लेटमध्ये त्या रकान्याची भाषा जपानी असं नमूद करायचं.

आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी 'लीच' अशी खूण करतं. लीच पुन्हा पुन्हा घोकून सुटत नाही, कार्डातच खोट असते. बहुतेक वेळा दोन सारख्या दिसणाऱ्या कांजींची गल्लत होत असते. 'मात्सु' म्हणजे वाट बघणे आणि 'मोत्सु' म्हणजे हातात धरणे, ह्या दोघांचा उजवा भाग हुबेहूब एक आहे, फरक फक्त डाव्या बाजूला. दोन्ही कांजी एकाच कार्डावर शेजारी शेजारी मांडा, डावीकडचा भाग रंगवा, आणि जुनं कार्ड बाजूला काढा. सुट्या कांजीचे सगळे उच्चार पाठ करायची कार्डंही अशीच लीच होतात. कांजी शब्दातून शिकावी.

गणपती-दिवाळीत खंड पडणारच. आठवडाभर आधी नवी कार्डं ० करून ठेवली तर परतल्यावर ढीग आटोक्यात राहतो. तरी सहाशे कार्डं साचलीच तर डेक पुसून नव्याने सुरू करू नका. नवी कार्डं ०, उजळणीची रोजची मर्यादा १००, असं ठेवलं की काही दिवसांत ढीग उतरतो. उशिरा का होईना, आठवलेलं कार्ड पुढे लांब पल्ल्यावर जातं, त्यामुळे वाटतं तेवढं नुकसान झालेलं नसतं.

अँकीच्या आवाक्यात नसलेल्या गोष्टीही माहीत असाव्यात. व्याकरणाला पाठ्यपुस्तक लागतंच. क्लासचं पुस्तक नसेल तर जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' आवाजासकट फुकट उतरवून घेता येतं. सलग ऐकणं अँकीत होत नाही, आणि परीक्षेत तिथेच दांडी उडते: एन-५ ला १८० पैकी ८० गुणांना पास, पण ऐकण्याच्या ६० पैकी १९ वेगळे मिळवावे लागतात. शब्दांत कितीही गुण पडले तरी त्याशिवाय निकाल नापासचाच. रोज ४५ मिनिटं असतील तर अँकीला २० च्या वर देऊ नका (त्यात कार्डं भरणंही आलं), १५ पुस्तकाला, १० मोठ्याने ऐकून म्हणायला. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नाही, म्हणून पुण्या-मुंबईत पुष्कळ जण बोलणं सोडूनच देतात, मग मुलाखतीत तोंड उघडत नाही. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, अर्ज काही महिने आधी भरावा लागतो. त्या तारखेपासून उलटं मोजून रोजची नवी कार्डं ठरवा आणि शेवटचे तीन आठवडे नवं काही घेऊ नका.

फक्त कांजीसाठी काही घ्यायचं तर वानीकानी हे कांजी शिकवणारं संकेतस्थळही आहे. पहिल्या तीन पातळ्या फुकट, पुढे पैसे, एकूण ६० पातळ्या. मांडणी अँकीपेक्षा कितीतरी देखणी, सगळं आयतं. पण लक्षात ठेवायच्या युक्त्या इंग्रजी शब्दांच्या कोट्यांवर उभ्या आहेत. ज्यांचं इंग्रजी तेवढं मुरलेलं नाही त्यांना कांजीआधी कोटीच पाठ करावी लागते. कार्ड स्वतः बनवायची तयारी नसलेल्याने ते घ्यावं, अँकीच्या वाटेला जाऊ नये.

फोन आणि संगणक जोडायला अँकीवेबवर फुकट खातं उघडा. पहिल्यांदा सिंक करताना 'अपलोड' की 'डाउनलोड' असा प्रश्न येतो, तिथे घाई करू नका. ज्या यंत्रावर तुमची कार्डं आहेत तिथे 'अपलोड', रिकाम्या यंत्रावर 'डाउनलोड'. रिकाम्या फोनवर चुकून 'अपलोड' दाबलं तर खात्यातली सगळी कार्डं जाऊन तिथे रिकामा डेक बसतो. अशा वेळी संगणकावर अँकी उघडून तिथली प्रत शाबूत आहे का बघा, आणि तिथून सिंक करताना 'अपलोड'च निवडा. कार्डाचे रकाने बदलले की हाच प्रश्न पुन्हा येतो, म्हणून रकाने बदलण्याआधी दोन्ही यंत्रं एकदा सिंक करून घ्या. महिन्यातून एकदा 'एक्स्पोर्ट' करून सगळ्या संग्रहाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढावी, त्यात 'मीडिया'ची खूण विसरू नका, नाहीतर शब्द वाचतात आणि आवाज जातात.